मदत हवी: पद्मिनी गरम झाली की सेल्फ फिरतो, इंजिन पकडत नाही (सातारा)

नमस्कार मंडळी. गाडी प्रीमियर पद्मिनी, 1992 चं मॉडेल, 1089 सीसी, पॉईंटवाली (ठिणगीसाठी डिस्ट्रिब्युटरमध्ये उघड-मीट होणारे पॉईंट असलेली). अण्णांनी घेतलेली, अजून घरचीच. सकाळी चोक ओढला की लगेच चालू होते, गावातल्या गावात काही तक्रार नाही. पण यवतेश्वरचा घाट चढून वर गाडी बंद केली की परत चालू होत नाही. सेल्फ जोरात फिरतो, म्हणजे बॅटरी ठीक आहे. इंजिन मात्र पकडत नाही. अर्धा-पाऊण तास बॉनेट उघडं ठेवलं की काहीच झालं नसल्यासारखी सुरू होते.

इथले एक मेकॅनिक म्हणतात, उष्णतेनं पेट्रोलची वाफ होते, पंप ओढत नाही, इलेक्ट्रिक पंप बसवा. दुसरे कार्बोरेटर खोलायला निघाले होते. तो गेल्याच उन्हाळ्यात नवं किट टाकून घेतलाय, म्हणून मी थांबवलं. मला दोष करंटमध्येच, म्हणजे ठिणगी देणाऱ्या भागांत वाटतो.

वर अडकलो तेव्हा एअर क्लीनर काढून कार्बोरेटरमध्ये पाहिलं. थ्रॉटल हातानं उघडला की पेट्रोलची धार नीट पडते, म्हणजे फ्लोट चेंबर (कार्बोरेटरमधली पेट्रोलची छोटी टाकी) रिकामा नाही. पंपाची लाइन वाफेनं अडली असती तरी तेवढ्या पेट्रोलवर इंजिन क्षणभर तरी पकडायला हवं होतं. प्लग काढला तर ओला. गरम इंजिनावर कार्बोरेटरमधलं पेट्रोल उकळून खाली उतरतं आणि प्लग त्यानंही भिजतात, म्हणून ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारून पाहिला. फरक नाही.

मग एअर क्लीनर परत बसवून डिस्ट्रिब्युटरच्या टोपीतली मधली वायर काढली आणि रबराच्या पकडीनं ब्लॉकपासून पाचेक मिलिमीटरवर धरली. भाऊ सेल्फ मारत होता. ठिणगी बारीक, पिवळसर, मधूनच गायब. घरी थंड इंजिनावर हीच ठिणगी निळी आणि कडकड वाजणारी. पंपावर ओलं फडकं टाकल्यावर एकदा गाडी चालू झाली खरी, पण तोवर इंजिनही निवलं होतं, त्यामुळे त्यावरून काही ठरवता येत नाही.

पॉईंट काळे-निळे पडलेत, एका बाजूला खड्डा आहे. घासून, फीलर गेजनं गॅप लावला. कंडेन्सर (पॉईंट जळू नयेत म्हणून लावलेला) नवा आहे, पण हल्ली बाजारात मिळणाऱ्या कंडेन्सरवर माझा भरवसा नाही. कॉइल (ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणारी) जुनीच, घाट चढल्यावर हात ठेववत नाही इतकी तापते. शिवाय इग्निशन ऑन आणि पॉईंट मिटलेले असताना बॅटरीवर 12.4 व्होल्ट दिसतात, कॉइलच्या पॉझिटिव्हला जेमतेम साडेदहा. एवढी घट किल्लीच्या स्विचमध्ये की जुन्या वायरिंगमध्ये?

जाणकारांना विचारायचंय ते असं. गरम असताना बॅटरीवरून कॉइलच्या पॉझिटिव्हला थेट वायर देऊन पाहिली तर चाचणीपुरतं चालेल ना? कॉइल आणि कंडेन्सर यांतला नेमका कोण, हे भाग न बदलता ओळखता येतं का? आणि नवी कॉइल घेतली तर या गाडीला बॅलास्ट रेझिस्टर (कॉइलला जाणारा करंट कमी करणारा) लागतो की साधी 12 व्होल्टची चालते?

एक वेगळी काळजीही आहे. आता पेट्रोल पंपावर 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. आमचाही ऊस कारखान्यालाच जातो, इथेनॉलला माझा विरोध नाही. पण या गाडीचे रबरी पाइप आणि गाडीतल्या पंपाचा पडदा इथेनॉलचा विचार करून बनवलेले नाहीत. पाइप मऊ पडलेत, ते मी बदलणारच आहे. पंपाचा पडदा इथेनॉलला टिकणारा कुणी बसवलाय का, कुठला?

गाडी विकून टाका, हा सल्ला कृपया नको. अण्णांना याच गाडीतून कासला जायला आवडतं आणि ती रस्त्यावर राहावी अशी माझी मनापासून इच्छा आहे.

साताऱ्यात किंवा कराडला कुणाकडे चालू पद्मिनीची कॉइल आणि कंडेन्सर दिवसभरासाठी मिळाले तर घाटावरच एकेक बदलून पाहता येईल. मी येऊन घेऊन जाईन आणि त्याच दिवशी परत आणून देईन.