नाव विषयाचं नको, माणसाचं शोधा
पॉडकास्ट ॲपच्या 'टॉप' यादीत तेच ते दिसतं, मग नवे पॉडकास्ट सापडायचे कसे, या नेहमीच्या प्रश्नावर माझा हा उपाय. ॲपमध्ये विषय टाकण्याऐवजी त्या विषयातल्या अभ्यासकाचं नाव टाका. तो जिथे जिथे पाहुणा म्हणून बोललाय ते भाग वर येतात, आणि त्यातून एखाद-दुसरा दमदार कार्यक्रम हाती लागतो. पहिल्या भागावरून मत बनवू नका, तेव्हा आवाजापासून सगळंच कच्चं असतं. मधला कुठला तरी भाग दहाव्या मिनिटापासून लावा. तिथेही नमनाचं घडाभर तेल चालू असेल तर खुशाल सोडा. बीबीसी रेडिओ ४ चा १९९८ पासूनचा 'इन अवर टाइम' या कसोटीला उतरतो: एक विषय, सहसा तीन अभ्यासक, फापटपसारा नाही. आणि हो, ऑटो-डाउनलोड, म्हणजे नवे भाग आपोआप फोनवर उतरणं, बंद ठेवा. १२८ केबीपीएसचा (सेकंदाला १२८ किलोबिट) तासाभराचा भाग साधारण ५८ एमबी खातो.