नवी अपस्ट्रीम आवृत्ती आणताना डेबियन पॅचेस कसे सांभाळावेत?

प्रश्न: गिटमध्ये (बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या साधनात) ठेवलेल्या माझ्या डेबियन (लिनक्स वितरण) पॅकेजच्या 'डेबियन/पॅचेस'मध्ये बरेच पॅचेस, म्हणजे मूळ कोडमध्ये करायच्या बदलांच्या फायली, आहेत. त्यांपैकी काही अपस्ट्रीमने (मूळ सॉफ्टवेअर प्रकल्पाने) आता स्वीकारले असल्यामुळे नवी आवृत्ती आणताच क्विल्ट (पॅचेस क्रमाने लावणारे साधन) अडून बसते आणि प्रत्येक पॅच हाताने दुरुस्त करावा लागतो. याहून बरी पद्धत आहे का?

उत्तर १: 'जीबीपी पीक्यू' (गिटमधील डेबियन पॅकेजे सांभाळणाऱ्या 'गिट-बिल्डपॅकेज'मधील पॅचेसची आज्ञा) वापरावे. क्रम मात्र पाळावा: जुन्या आवृत्तीवर असतानाच 'जीबीपी पीक्यू इम्पोर्ट' चालवावे, म्हणजे 'पॅच-क्यू/'ने नाव सुरू होणाऱ्या शाखेवर प्रत्येक पॅचचा एकेक कमिट (गिटमधील नोंदवलेला बदल) तयार होतो, त्यानंतर 'जीबीपी इम्पोर्ट-ओरिग'ने नवी आवृत्ती आणून 'जीबीपी पीक्यू रिबेस' करावे, म्हणजे ते कमिट नव्या आवृत्तीवर पुन्हा लावले जातात. जो बदल अपस्ट्रीममध्ये जसाच्या तसा आला आहे, तो कमिट रिबेसमध्ये सहसा आपोआप गळतो, आणि उरलेला संघर्ष गिटच्या नेहमीच्या साधनांनी सोडवता येतो. शेवटी 'जीबीपी पीक्यू एक्स्पोर्ट' केले की पॅचेसच्या फायली नव्याने लिहिल्या जातात. नवी आवृत्ती आधीच आणून झाली असेल, तर 'इम्पोर्ट'ला 'टाइम-मशीन' हा पर्याय द्यावा; पॅचेस जिथे नीट लागत होते, त्या जुन्या कमिटपर्यंत तो मागे जातो.

उत्तर २: 'जीबीपी.कॉन्फ' या सेटिंगच्या फायलीत 'पॅच-नंबर्स' (पॅच-फायलींच्या नावांत क्रमांक घालणे) बंद ठेवावे, अन्यथा एक पॅच गळताच पुढच्या सर्व फायलींची नावे बदलतात आणि डिफ वाचणे कठीण होते.

उत्तर ३: डीईपी-३ (पॅचची माहिती लिहिण्याचा डेबियनचा ठरलेला नमुना) प्रमाणे 'फॉरवर्डेड' आणि 'ओरिजिन' ही शीर्षके कमिटच्या संदेशातच लिहावीत, ही माझी आग्रहाची विनंती आहे. पॅच अपस्ट्रीमला पाठवला होता की नाही, हे पुढच्या देखभालकर्त्याला तिथूनच कळते.