रेपो उतरला, पण कुणाच्या जिवावर?

हप्तेकरी:
मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात महागाई रोखायला रिझर्व्ह बँकेनं रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या दरानं उसने पैसे देते तो, ४ टक्क्यांवरून ६.५ वर नेला. माझं गृहकर्ज ३० लाखांचं, २० वर्षांसाठी, सुरुवात ७ टक्क्यांनी. हप्ता २३,२५९. बँकेनं हप्ता तोच ठेवून मुदत ताणली. दर साडेनऊवर गेल्यावर स्टेटमेंट उघडलं, तर मुद्दलात महिन्याला जेमतेम दोनशे रुपये जात होते. बाकी सगळं व्याज! आम्ही खर्चाला हात आखडला, महागाई उतरायला तोही हातभार लागला. २०२५ मध्ये रेपो सव्वापाचवर आला, तो आणखी उतरावा असंच माझं मत.

निवृत्त शिक्षिका:
तुम्हाला कर्ज मिळतं ते आमच्या ठेवींतून. मला पेन्शन नाही. २० लाखांच्या ठेवीचं नूतनीकरण केलं तेव्हा दर एक टक्क्यानं उतरलेला. वर्षाला २०,००० गेले. ऑक्टोबर २०२५ ची महागाई पाव टक्का नोंदली गेली, ती मुख्यतः भाज्या-डाळी उतरल्यामुळे. माझं औषधांचं बिल एक रुपयानंही उतरलं नाही.

हप्तेकरी:
बाई, तुमचा दर मुदतीपर्यंत बांधलेला असतो, माझा तीन महिन्यांत बदलतो. २०२३ मध्ये ज्येष्ठांना साडेसात मिळतच होते की.

निवृत्त शिक्षिका:
आणि २०२२ मध्ये? महागाई सहा-सातच्या घरात, ठेवीवर साडेपाचच्या आसपास. मुद्दलच झिजत होतं. सरकारची ज्येष्ठ नागरिक बचत योजना ८.२ टक्के देते, पण त्यात पैसा पाच वर्षं अडकतो, आधी काढला तर कापून घेतात. दवाखान्याची वेळ सांगून येते का?

यंत्रमागवाला, इचलकरंजी:
दोघांचंही पटतं, पण दर उतरला की धंदा वाढतो हे गृहीत धरू नका. माझी सीसी, म्हणजे धंद्याच्या रोजच्या खर्चासाठी बँकेची कॅश क्रेडिट उचल, १० लाखांची. सव्वा टक्क्याची कपात पूर्ण पोचली तरी वर्षाला १२,५०० वाचतील. एका व्यापाऱ्याकडे माझे चार लाख पाच महिने अडकलेत. सूत रोखीनं घ्यायचं, कापडाचे पैसे मात्र तो देईल तेव्हा. कापडाला उठाव असला तर मी नऊ टक्क्यांनीही कर्ज काढतो. नसला तर सहानंही नको. पुढची कपात करण्याआधी हे लहान कारखानदारांचे अडकलेले पैसे सोडवा. बाईंच्या ठेवीला हात न लावता बाजार हलेल.

हप्तेकरी:
उठाव येणार कुठून? माझा हप्ता दोन हजारांनी उतरला तर दिवाळीला चादरी-पडदे मीच घेणार ना?