प्रयोगशाळेत घडवलेला हिरा निवडताना काय तपासावे?

प्रश्न:
मुलीच्या साखरपुड्याच्या अंगठीसाठी एक कॅरटचा गोल, प्रयोगशाळेत घडवलेला हिरा घ्यायचा आहे. दोन हिऱ्यांचा रंग आणि शुद्धता प्रमाणपत्रानुसार सारखीच असूनही किमतीत बराच फरक आहे. तो कशामुळे असावा, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद १:
ताई, प्रथम कट, म्हणजे हिऱ्याला पैलू पाडण्याची घडण पाहा, कारण आत शिरलेला प्रकाश डोळ्यांकडे परत येणे पैलूंच्या कोनांवर अवलंबून असते. गोल हिऱ्यात वरचा सपाट भाग व्यासाच्या साधारण ५४ ते ५८ टक्के आणि खोली ६० ते ६२.५ टक्के असावी. रंगाची श्रेणी एक पायरी खाली आली तरी चालेल, पण कटमध्ये तडजोड करू नये, असे माझे ठाम मत आहे.

प्रतिसाद २:
वरील मत योग्यच आहे. शिवाय सीव्हीडी पद्धतीच्या (वायूपासून थरांनी वाढवलेल्या) हिऱ्यात कधी तपकिरी झाक असते, तर एचपीएचटी पद्धतीच्या (प्रचंड दाब आणि उष्णतेने घडवलेल्या) हिऱ्यात बोरॉनमुळे निळसर झाक येऊ शकते, आणि ही झाक प्रमाणपत्रावरील रंगाच्या अक्षरातून नेहमी कळत नाही. म्हणून दोन्ही हिरे पांढऱ्या कागदावर ठेवून, दुकानातील प्रखर दिव्यांपासून दूर, दिवसाच्या उजेडात शेजारी-शेजारी पाहावेत.

प्रतिसाद ३:
हिऱ्याच्या कडेवर लेसरने कोरलेला क्रमांक भिंगातून वाचून घ्या आणि तो आयजीआय या हिऱ्यांना प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेच्या संकेतस्थळावरील अहवालाशी जुळवा. पुनर्विक्रीत फारच कमी रक्कम मिळते, त्यामुळे परतखरेदीच्या अटी बिलावर लिहून घ्याव्यात.