मदत हवी आहे: मेनूकार्डावर ‘प्रॉन’ लिहू की ‘श्रिंप’?

नमस्कार मंडळी. मालवणात आमची घरगुती खानावळ आहे. इंग्रजी मेनूकार्ड छापायला द्यायचंय आणि गाडी कोळंबीपाशी अडलीय.

भाचा म्हणतो, मोठी ती प्रॉन, बारकी ती श्रिंप. मला पटत नाही. आपल्याकडे आणि इंग्लंड-ऑस्ट्रेलियात बहुतेक प्रॉनच म्हणतात, अमेरिकेत लहानमोठी सगळी श्रिंप. निर्यातीच्या आकडेवारीतही ‘फ्रोझन श्रिंप’ असतं. प्राणिशास्त्रातला फरक तर आकाराचा नाहीच. प्रॉनची मादी अंडी थेट पाण्यात सोडते, श्रिंपची पोटाखाली बाळगते, कल्लेही वेगळे. त्या हिशेबाने आपला जवळा प्रॉनच्या गटात जातो, आणि इंग्रजीत त्याला म्हणतात श्रिंप! घ्या आता.

कालवणाला ‘प्रॉन करी’ जवळजवळ ठरलंय (की ‘प्रॉन्स करी’? आपल्याकडे बोर्डांवर तेच जास्त दिसतं). खरी पंचाईत सोडे आणि सुक्या जवळ्याची. दोन्हींना ‘ड्राइड श्रिंप’ लिहिलं तर सोललेले सोडे कुठले आणि सबंध जवळा कुठला, हे पाहुण्याला कळणार कसं? रत्नागिरी, अलिबागकडे खानावळ चालवणाऱ्यांनो, तुम्ही काय लिहिता? की सरळ ‘सोडे’च लिहून खाली एक ओळ द्यावी?