पॉवर मॅक ७५००: जी३ कार्ड घेऊ की जी४?

माझ्याकडे १९९५ सालचा अॅपलचा पॉवर मॅकिंटॉश ७५०० संगणक आहे. आत मूळचंच १०० मेगाहर्ट्झचं ६०१ प्रोसेसरचं कार्ड, रॅम १९२ एमबी, सिस्टिम ९.१. शोभेला ठेवलेला नाही, रोज चालतो. स्कझी या जुन्या जोडणीचा स्कॅनर दुसऱ्या कशालाच जोडता येत नाही, आणि पेजमेकरच्या जुन्या फायली नव्या संगणकावर उघडल्या की अक्षरांची पार खिचडी होते. पण फोटोशॉपमध्ये मोठं स्कॅन फिरवायला लावून अंघोळ उरकून आलो तरी पट्टी निम्म्यावरच असते.

जास्त वेगवान प्रोसेसरची दोन जुनी कार्डं मिळतायत. एक ४०० मेगाहर्ट्झचं जी३, १ एमबी कॅश (प्रोसेसरजवळची जलद मेमरी), खाली लांब कनेक्टर. दुसरं ४५० मेगाहर्ट्झचं जी४, चौकोनी, पालथं केलं की पिनाच पिना. विकणारा म्हणतो, दोन्ही कुठल्याही जुन्या मॅकला बसतात. काल केस उघडून पाहिली, तर माझा स्लॉट लांबट आणि अरुंद. मग पिना जाणार कुठे? शिवाय मदरबोर्डवर आधीच्या मालकाने बसवलेलं २५६ केबीचं कॅश कार्ड आहे, ते ठेवू का?

उत्तर

पिनावालं विसरा. ते झिफ, म्हणजे पिनांच्या सॉकेटात बसणारं कार्ड, १९९७च्या बेज जी३ मॅकला आणि नंतरच्या निळ्या-पांढऱ्या जी३ मॅकला बसणारं. तुमच्या स्लॉटसाठी ते वेगळ्या कॅरिअर कार्डावर चढवावं लागेल. तसंही जी४ची खरी करामत म्हणजे अल्टिव्हेक, एका झटक्यात अनेक आकड्यांवर काम करायची सोय, आणि ती वापरणारी सॉफ्टवेअरं मोजकीच. मदरबोर्डची बस, म्हणजे प्रोसेसर आणि मेमरी यांच्यातला रस्ता, ५० मेगाहर्ट्झचीच राहणार. जी३ घ्या, बसच्या बरोबर आठपट, पन्नास आठे चारशे, हिशेब चोख बसतो.

बसवताना क्रम चुकवू नका. कार्डाबरोबरचं सॉफ्टवेअर आधी जुन्या प्रोसेसरवरच टाका. त्याशिवाय कार्डावरची कॅश चालूच होत नाही आणि माणूस कार्डाला शिव्या घालत बसतो. मदरबोर्डवरचं २५६ केबीचं कॅश कार्ड काढून टाका, त्यापायी यंत्र अडकू शकतं. नवं कार्ड बसलं की मदरबोर्डवरचं कुडा बटण (बोर्ड रीसेट करणारं) एकदाच दाबा.

आणि एक विचारायचं राहिलं. फोटोशॉपला मेमरी किती दिलीय? प्रोग्रॅम बंद करून आयकॉन निवडा आणि गेट इन्फोमध्ये बघा. चित्राच्या तीन ते पाच पट हवी, नाहीतर सगळं डिस्कवर जातं. तिथे कुठलाही प्रोसेसर काय करणार?

मूळ प्रश्नकर्ता

अहो, २० एमबी होती! इतकी वर्षं मी बिचाऱ्या ६०१ला बोल लावत होतो. ११० केली, तेच स्कॅन पुन्हा फिरवलं, या वेळी खुर्चीतून उठावं लागलं नाही. जी३ घेतोय तरीही. २५६ केबीचं कार्ड आत्ताच उपसून काढलं, अंगठ्याचं साल गेलं.