विधिमंडळाला पगारी इतिहासकार पाहिजे का?

रंकाळाकाठ: मंडळी, घरात परवापासनं भांडण चाललंय. भाची इतिहासात एमए झाली, मोडी शिकली, आता म्हणते विधिमंडळाचा इतिहास लिहायची नोकरी पाहिजे. दाजी म्हणतात असली नोकरी असते होय, गप एमपीएससी दे. अमेरिकेत असते बरं का, तिथल्या सिनेटनं १९७५ लाच इतिहास कार्यालय काढलं, जुन्या कर्मचाऱ्यांच्या मुलाखती टेप करून ठेवतात. माझं मत, आपल्याकडंपण पाहिजे.

तांबडा_पांढरा: कशाला? पगार देणाऱ्याचंच लिहिणार ना, आधी दरबारी बखरकार होते आता कंत्राटी होतील. आणि अमेरिकेचं अर्धंच सांगू नका. १९९५ ला तिथल्या दुसऱ्या सभागृहात, म्हणजे प्रतिनिधीगृहात, बहुमत बदललं, गिंगरिच स्पीकर झाले, जुन्या इतिहासकाराला काढून आपल्या ओळखीच्या प्राध्यापक बाई आणल्या, त्यांच्या एका जुन्या शेऱ्यावरनं बोंब झाली तशी काही दिवसांत त्यांनापण घरी पाठवलं. मग २००५ पर्यंत खुर्ची रिकामी. दहा वर्षं!

रंकाळाकाठ: आणि त्याच इमारतीत सिनेटचे इतिहासकार रिचर्ड बेकर १९७५ ते २००९ एकाच खुर्चीवर बसले, बहुमत कितीदा इकडचं तिकडं झालं तरी. म्हणजे नेमणूक कशी करता त्यावर आहे सगळं.

रुमालवाला: मी एका रेकॉर्ड रूमला चार महिने बसलोय. शिपाईमामांनी रुमाल, म्हणजे कापडात बांधलेलं जुन्या कागदांचं गाठोडं, सोडला की आधी कसर उडायची, मग कागद दिसायचा, तोपण निम्मा खाल्लेला. पगारी माणूस असता तर निदान यादी तरी झाली असती. चवदार तळं सगळ्यांना पाठ आहे, पण त्याच्या आधी १९२३ ला मुंबईच्या कायदेमंडळात तिथले सदस्य सी. के. बोल्यांनी सार्वजनिक पाणवठे खुले करायचा ठराव आणला होता, त्या दिवशी विरोधात कोण बोललं आणि कोण नुसतं गप बसलं, हे कुणाला सांगता येईल इथं? आपल्या शेजारच्या सांगलीकडचे वि. स. पागे, विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती, रोजगार हमी त्यांच्या डोक्यातली, कायदा १९७७ चा. पोरांना मनरेगा माहीत, पागे नाहीत.

तांबडा_पांढरा: अहो पण प्रतिवेदक असतात की सभागृहात, शब्द न् शब्द उतरवतात. छापील कार्यवृत्त आहे, वाचा.

रुमालवाला: आणि ‘कामकाजातून काढून टाकण्यात येत आहे’ म्हणतात ते कुठं वाचू? लॉबीत चहा पिताना मिटलेली भांडणं कुठल्या पानावर? हे त्या प्रतिवेदकांना, मार्शलना रिटायर झाल्यावर बसवून विचारायचं असतं, ती माणसं गेली की संपलं.

तांबडा_पांढरा: बरं मग ज्या अध्यक्षांनी वाक्य काढून टाकलं त्यांच्याच कार्यालयातनं पगार घेऊन तो इतिहासकार ते वाक्य लिहिणार होय? काय सांगताय. विद्यापीठाला पैसे द्या, बाहेर बसून लिहू दे त्यांना.

रंकाळाकाठ: बाहेरच्याला आत कोण सोडतंय? गेटवरच पास मागतात.

तांबडा_पांढरा: ते असू दे. भाची मोडी वाचून देते का? आज्याचा एक दस्त पेटीत पडलाय, बांधाची केस आहे, तलाठी म्हणतो मराठीत आणा.